शाळेच्या डिस्ट्रिक्टमधला फॉल (शरद ऋतू) : नोटिसा, दिवाळीची रजा, लेव्ही आणि आपण

पारिजातक | १६ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये पुण्याहून ओहायोत, कोलंबसजवळच्या एका उपनगरात आलो. मुलगी दुसरीत आहे, मुलगा सातवीत. शाळा सुरू होऊन महिना झाला आणि मी नोटिसांनी हैराण झाले आहे. पुण्यात शाळेची सूचना म्हणजे डायरीत डकवलेली एक चिठ्ठी. इथे दर शुक्रवारी डिस्ट्रिक्टची (म्हणजे भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेची) लांबलचक ईमेल येते, तिच्या मागोमाग शाळेची वेगळी, वर्गशिक्षिकेची वेगळी आणि पालक संघाची आणखी वेगळी. फोटोचा दिवस, अभ्यासक्रमाची रात्र, फन रन, फॉल फेस्टिव्हल, पुस्तकजत्रा, स्पिरिट वीक, होमकमिंगची (हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्वागतसोहळ्याची) मिरवणूक, पालक-शिक्षक भेट, डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मासिक बैठक, लेव्हीची माहितीसभा. फ्रीजच्या दारावर चुंबक लावायला जागा उरलेली नाही.

माझे तीन प्रश्न आहेत.

यातलं काय चुकवायचंच नाही आणि काय सोडलं तरी चालतं?

यंदा लक्ष्मीपूजन सोमवारी, २० ऑक्टोबरला आहे. आमच्याकडे त्या दिवशी शाळा आहे. मुलांना घरी ठेवलं तर गैरहजेरी लागते का?

आणि ही लेव्ही म्हणजे काय? शेजाऱ्यांच्या अंगणात तिच्या बाजूच्या आणि विरोधातल्या पाट्या समोरासमोर लागल्या आहेत.

एडिसनचा_बसस्टॉप | १६ सप्टेंबर

स्वागत! फोटोचा दिवस चुकला तरी पुन्हा फोटो काढायचा दिवस येतो, काळजी नको. शिक्षकांची भेट मात्र चुकवू नका.

आमच्याकडे न्यूजर्सीत एडिसनला दिवाळीची सुट्टी शाळेच्या कॅलेंडरातच असते. शिवाय नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुरुवार-शुक्रवार शिक्षक संघटनेचं अटलांटिक सिटीला अधिवेशन असतं, तेव्हा राज्यभर शाळा बंद असतात. आमच्या गल्लीतली निम्मी देशी घरं त्या चार दिवसांत डिस्नेला असतात.

दुरून_डोंगर | १६ सप्टेंबर

तुमच्याकडे बसस्टॉपवर मराठी, गुजराती आणि तेलुगू तिन्ही ऐकू येतात, त्यामुळे सुट्टी मिळणारच. ओहायोतल्या उपनगराची गोष्ट निराळी.

ओहायोकर | १७ सप्टेंबर

पारिजातक, मी सिनसिनाटीकडे अठरा वर्षं आहे. दिवाळीचं आधी सांगतो. ओहायोत २०२४ साली झालेल्या कायद्याने विद्यार्थ्याला वर्षातून तीन दिवसांपर्यंत धार्मिक कारणासाठी रजा घेता येते आणि ती गैरहजेरी म्हणून मोजत नाहीत. कुठला सण हे मुख्याध्यापकांना ठरवता येत नाही. तारखा मात्र शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लेखी द्यायच्या असतात. शाळा सुरू होऊन तुम्हाला महिना झालाय म्हणता, तेव्हा उद्याच ऑफिसात फोन करा. मुदत टळली असली तरी साधी रजेची चिठ्ठी द्या, बहुतेक ठिकाणी समजून घेतात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच काम उरका. २०२६ चं लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे ते तीन दिवस गणपतीला वापरता येतील.

लेव्हीवर सविस्तर रात्री लिहितो.

बे_एरियाची_पहाट | १७ सप्टेंबर

दिवाळीच्या रजेला दुसरीही बाजू आहे. आमच्या कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टला राज्याकडून पैसा मिळतो तो रोजच्या सरासरी हजेरीवर. मूल आजारी असो की सणाला घरी असो, जागेवर नाही म्हणजे त्या दिवसाचा पैसा नाही. ज्या शाळेत निम्मी मुलं दिवाळीला घरी राहतात, तिथे शाळा उघडी ठेवून डिस्ट्रिक्टचंच नुकसान होतं. बोर्डापुढे बोलताना भावनेबरोबर हा हिशेबही मांडावा, तो लवकर पटतो.

शेवंती_टेक्सास | १७ सप्टेंबर

टेक्ससमध्येही पैसा हजेरीवरच. पण इथे पालकांनी लेखी कळवलं तर धार्मिक सणाचा दिवस हजेरीत धरतात, डिस्ट्रिक्टचं नुकसान होत नाही. म्हणून चिठ्ठी न देता नुसतं घरी ठेवू नका. ‘बरं नाही’ असं खोटं तर अजिबात सांगू नका. मुलगी दुसऱ्या दिवशी मेंदी लावलेल्या हातांनी शाळेत जाते आणि बाईंना काय ते कळतंच.

मिशिगनकर | १८ सप्टेंबर

आमच्याकडे हा सगळा जीव एका दिवसात अडकलेला असतो. ऑक्टोबरचा पहिला बुधवार, काउंट डे. यंदा १ ऑक्टोबरला. त्या दिवशी जितकी मुलं वर्गात, त्या आकड्यावर राज्याच्या पैशाचा ९० टक्के हिशेब ठरतो, उरलेला १० टक्के फेब्रुवारीच्या मोजणीवर. गैरहजर मूल ठरावीक मुदतीत परत आलं तर धरतात, तरी शाळांची धडपड त्या एका दिवसासाठी असते. कुठे पिझ्झा, कुठे आइसपॉप, कुठे पायजमा घालून यायची परवानगी. पहिल्या वर्षी मला वाटलं शाळेचा वाढदिवस आहे!

दसरा दुसऱ्या दिवशी, २ तारखेला आहे. देव आमच्या डिस्ट्रिक्टवर मेहेरबान आहे यंदा.

खडू_फळा | १८ सप्टेंबर

मी शिकागोजवळ प्राथमिक शाळेत शिकवते, एकवीस वर्षं झाली. पारिजातक, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने देते.

अभ्यासक्रमाच्या रात्री मी तीस पालकांशी एकदम बोलते, ते सगळं वेबसाइटवरही असतं. पालक-शिक्षक भेटीत मात्र पंधरा-वीस मिनिटं फक्त तुमच्या मुलाची असतात. वेळेची नोंदणी ऑनलाइन उघडते आणि संध्याकाळच्या वेळा तासाभरात संपतात, म्हणून गजर लावून बसा.

आपले पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘गणितात पुढच्या गटात कधी टाकणार?’ हा प्रश्न विचारा, पण शेवटी विचारा. आधी विचारा की ती डब्याच्या वेळी कुणाबरोबर बसते. वर्गात हात वर करते का. अडलं तर बाईंकडे येते की गप्प बसते. नव्याने आलेलं मूल सहा-सहा महिने गप्प राहू शकतं, ते सगळं समजून घेत असतं. मला हे पालकांनी सांगितलं तर कळतं, कारण घरी तेच मूल धबधब्यासारखं बोलत असतं.

आणखी एक. शाळाप्रवेशाच्या वेळी ‘घरी कुठली भाषा बोलता’ असा फॉर्म भरला असेल. त्यात काय लिहिलंत?

पारिजातक | १८ सप्टेंबर

सगळ्यांचे खूप आभार. ऑफिसात फोन केला. मुदत अगदी संपत आली होती, दोन्ही मुलांची पत्रं आजच देऊन आले. ओहायोकर, तुमच्यामुळे काम झालं.

खडूताई, खरं सांगू का, तिथे इंग्रजी लिहिलं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं होतं की मराठी लिहिलंस तर मुलांना वेगळ्या वर्गात बसवतात.

खडू_फळा | १९ सप्टेंबर

हे मी दर वर्षी ऐकते. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते, बस. चांगली गेली तर विषय तिथेच संपतो. मदतीची गरज निघाली तर ती मिळते, आणि ती तुमच्या मुलाच्या हक्काची असते. मदत नकोच असेल तर पालक लेखी नकारही देऊ शकतात.

तुम्ही सगळे इंग्रजी लिहिता, म्हणून डिस्ट्रिक्टच्या यादीत मराठी दिसतच नाही. मग पत्रकं स्पॅनिशमध्ये येतात, अरबीत येतात, मराठीत येत नाहीत. माझ्या शाळेत मला ओळखीची अकरा मराठी घरं आहेत आणि संगणकात मराठी भाषिक मुलं दोन.

दुरून_डोंगर | १९ सप्टेंबर

असहमत. आमच्या मुलाला चाचणी चांगली जाऊनही एका शाळेत वर्षभर आठवड्यातून तीनदा विज्ञानाच्या तासाला उठवून नेत होते. मदत हक्काची हे खरं, पण त्या वर्षीचं विज्ञान त्याला कुणी परत शिकवलं? मी धाकटीच्या वेळी इंग्रजी लिहिलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

खडू_फळा | १९ सप्टेंबर

दुरून_डोंगर, हे चुकीचंच झालं आणि तुमचा राग रास्त आहे. विज्ञानाच्या तासाला मूल उचलून नेणं मला मान्य नाही. पण त्यावर उपाय तास बदलून मागणं हा आहे. भाषा लपवली तर पुढच्या घरातलं मूल, ज्याला खरंच गरज आहे, ते एकटं पडतं.

कोथरूडची_आजी | १९ सप्टेंबर

मी सध्या लेकीकडे डॅलसला आले आहे. नातवाच्या शाळेत आजीआजोबांचा दिवस होता. मला वाटलं होतं, इंग्रजी फाडफाड येत नाही तर कशाला जायचं. नातू म्हणाला, आजी तू फक्त ये. गेले. त्याने मला हाताला धरून वर्ग दाखवला, आपली खुर्ची दाखवली, पेन्सिलींचा डबा दाखवला आणि बाईंना म्हणाला, ‘ही माझी आजी, ही मला गोष्टी सांगते.’ बाईंनी खुणेनेच गोष्ट सांगायला सांगितली. मी चिऊ-काऊची गोष्ट मराठीतच सांगितली, हातवारे करून. काऊचं शेणाचं घर वाहून गेलं तेव्हा सगळी मुलं एकदम ‘ओ नो’ म्हणाली.

अशी नोटीस आली तर आजीआजोबांना जरूर पाठवा.

एडिसनचा_बसस्टॉप | १९ सप्टेंबर

आजी, या धाग्यावरची आजवरची सर्वात छान पोस्ट.

ओहायोकर | २० सप्टेंबर

उशीर झाला, आता लेव्ही.

ओहायोत शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. नवा कर लावायचा तर डिस्ट्रिक्टला मतदारांकडे जावं लागतं, त्या प्रस्तावाला लेव्ही म्हणतात. तो मोजतात ‘मिल’मध्ये. कर घराच्या बाजारभावाच्या ३५ टक्क्यांवर लागतो आणि एक मिल म्हणजे त्यातल्या हजार डॉलरमागे एक डॉलर. म्हणजे बाजारभावाच्या दर लाखाला एका मिलला वर्षाचे ३५ डॉलर. चार लाखांचं घर आणि पाच मिलची लेव्ही असेल तर वर्षाला ७०० डॉलर.

आता लोक विचारतात, ‘घरांच्या किमती एवढ्या वाढल्या, मग शाळेकडे पैसा वाढला नाही का? पुन्हा पुन्हा का मागतात?’ याचं उत्तर १९७६ च्या कायद्यात आहे, इथे सगळे त्याला हाउस बिल ९२० म्हणतात. किंमत वाढली की मंजूर लेव्हीचा प्रत्यक्ष दर त्या प्रमाणात खाली येतो, म्हणजे जमणारी रक्कम साधारण तेवढीच राहते. महागाई वाढते, पगार वाढतात, रक्कम तिथेच. म्हणून दर तीन-चार वर्षांनी डिस्ट्रिक्टला मतपेटीपुढे उभं राहावं लागतं. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांना पैसा पुरवायची ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली होती. तरी शाळांचा घरपट्टीवरचा भार अजून आहेच.

घरपट्टी वाढून निवृत्त माणसांचे हाल होतात, हेही खरं. तुमच्या शेजारच्या विरोधी पाटीमागे कदाचित ठरावीक पेन्शनवर जगणारे आजोबा असतील. त्यांना वाईट ठरवू नका, जाऊन बोला.

मिशिगनकर | २० सप्टेंबर

यावर एक पान छापून आमच्या मंडळात वाटलं पाहिजे.

पारिजातक | २० सप्टेंबर

पहिल्यांदा समजलं! पण आम्ही एच-वनबीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर), भाड्याच्या घरात. आम्हाला ना घरपट्टी, ना मत. मग त्या माहितीसभेला जाऊन काय करणार?

ओहायोकर | २० सप्टेंबर

घरपट्टी भाड्यातून तुम्हीच भरता. मत नाही हे बरोबर. एक सावधगिरीचं सांगतो, कळकळीने. गाडीचं लायसन्स काढताना कुणी मतदार नोंदणीचं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. नागरिक नसताना चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे ग्रीन कार्डाला फार महागात पडते.

पण बोर्डाच्या बैठकीला बसायला नागरिकत्व लागत नाही. बोलायलाही नाही. आधी नाव नोंदवायचं, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. मी अकरा वर्षं ग्रीन कार्डाची वाट पाहत होतो, त्या अकरा वर्षांत मी बारा-तेरा वेळा बोललो. एकदा बसच्या थांब्याबद्दल बोललो होतो, मुलांना पदपथ नसलेला रस्ता ओलांडून जावं लागत होतं. दोन महिन्यांत थांबा बदलला.

आपली माणसं दिवाळीचं टेबल मांडायला चाळीस जण येतात. बोर्डाच्या बैठकीला मी एकटा असतो. मला हे मनापासून खुपतं.

शेवंती_टेक्सास | २१ सप्टेंबर

ओहायोकर, लागलं जरा, पण बरोबर आहे.

थोडं विषयांतर. पारिजातकने होमकमिंग विचारलं नव्हतं, पण सातवीतला मुलगा दोन वर्षांत हायस्कूलला जाईल, तेव्हा ऐकून ठेवा. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. टेक्ससमध्ये होमकमिंगला मुली ‘मम’ लावतात. मम म्हणजे आपली शेवंती! पूर्वी खरं फूल असायचं, आता ताटाएवढं रेशमी फूल आणि त्याला गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या फिती, घुंगरू, छोटे टेडी, दिवेसुद्धा. फिती शाळेच्या रंगांच्या असतात, शेवटच्या वर्षाच्या मुलींच्या पांढऱ्या-चंदेरी. मुलगे दंडावर लहान आवृत्ती बांधतात. त्या शुक्रवारी शाळेच्या वऱ्हांड्यात नुसती छुमछुम.

लेकीच्या ममला मी एका फितीऐवजी आईच्या जुन्या पैठणीचा काठ लावला. मैत्रिणींनी विचारलं, कुठल्या दुकानातून आणलास? ती म्हणाली, येवल्याच्या.

एडिसनचा_बसस्टॉप | २१ सप्टेंबर

फोटो हवा!

पारिजातक | २४ सप्टेंबर

एक घडामोड. शाळेच्या फॉल फेस्टिव्हलला, १८ ऑक्टोबरला, कुटुंबांना टेबल मिळतं. मी दिवाळीचं मागितलं आणि मिळालंही! पण पालक संघाने कळवलं की घरी केलेलं काही खायला देता येणार नाही, फक्त घटकांची यादी छापलेली बंद पाकिटं, आणि त्यातही शेंगदाणे-बदाम-काजू नकोत. मी भाजणी दळून आणलेली! आता दिवाळीच्या टेबलावर फराळ नसेल तर ठेवू काय?

दुरून_डोंगर | २४ सप्टेंबर

ॲलर्जीचा नियम पाळाच. माझ्या भाचीला काजूच्या कणाने दवाखाना गाठावा लागला होता. चकल्या आमच्याकडे पाठवा.

मिशिगनकर | २४ सप्टेंबर

किल्ला करा!

कोथरूडची_आजी | २४ सप्टेंबर

अगदी मनातलं बोललात. बाकीचे दिवे-रांगोळी सगळे ठेवतात, किल्ला आपल्याशिवाय कोण करणार? उथळ ट्रेमध्ये माती, आत खोकी रचून उंची द्यायची, वरून ओलं पोतं नाहीतर जुनी चादर मातीच्या गाळात बुडवून पसरायची. उत्सवाच्या सहा-सात दिवस आधी मोहरी किंवा हळीव पेरा, खिडकीत ऊन मिळेल असं ठेवा आणि हाताने पाणी शिंपडा. ओतू नका, बी वाहून जातं. शनिवारी हिरवागार होईल.

पारिजातक | २५ सप्टेंबर

आजी, मुलगा हे वाचून उड्या मारतोय. म्हणतो सिंहगड करायचा.

बे_एरियाची_पहाट | २५ सप्टेंबर

सिंहगड जरूर करा, पण एक सुचवते. यंदा जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंहगड नाही. राजगड, रायगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि तमिळनाडूतला जिंजी. यातला एक केलात तर पाटीवर ‘जागतिक वारसा’ लिहिता येईल.

ओहायोकर | २५ सप्टेंबर

पुण्याच्या पोराला सिंहगड सोडायला सांगताय! करू दे त्याला हवा तो.

मिशिगनकर | २५ सप्टेंबर

राजगड. तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, ट्रेमध्ये सुरेख बसतो. यावर चर्चा नको. (चर्चा होणार हे माहीत आहे.)

*(यापुढे किल्ल्यांवर अठ्ठावीस प्रतिसाद झाले. ते नव्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापन)*

बे_एरियाची_पहाट | ८ ऑक्टोबर

मूळ विषयावर बातमी. कॅलिफोर्नियात दिवाळी राज्याची सुट्टी म्हणून मंजूर झाली! विधेयक २६८ वर या आठवड्यात राज्यपालांची सही झाली, १ जानेवारी २०२६ पासून लागू. सरकारी शाळांना त्या दिवशी बंद ठेवायची मुभा मिळाली आहे. सक्ती नाही, ठरवणार स्थानिक बोर्ड.

एडिसनचा_बसस्टॉप | ८ ऑक्टोबर

अभिनंदन! न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये कायदा झाला, २०२४ ला १ नोव्हेंबरला पहिल्यांदा शाळा बंद राहिल्या. जेनिफर राजकुमार यांनी विधानसभेत तो विषय सतत लावून धरला होता.

दुरून_डोंगर | ९ ऑक्टोबर

आनंद आहे, तरी विचारतो. वर्षाला साधारण १८० दिवस शाळा भरायलाच हवी. एक सुट्टी वाढली की जूनमध्ये एक दिवस वाढतो. आणि ज्या घरात आईबाप दोघं गोदामात शिफ्टवर, त्यांनी त्या सोमवारी मूल कुठे ठेवायचं? पेनसिल्व्हेनियाने गेल्या वर्षी दिवाळीला अधिकृत मान्यता दिली, पण शाळा बंद ठेवायची सक्ती केली नाही. मला ते बरं वाटतं. मान्यता असावी, त्या दिवशी परीक्षा नसावी, बाकी ज्याला हवं त्याने रजा घ्यावी.

शेवंती_टेक्सास | ९ ऑक्टोबर

रजा घेणारं मूल दुसऱ्या दिवशी मागे पडलेलं काम घेऊन बसतं. लेकीची भाऊबीज दोन वर्षं रसायनशास्त्राच्या वहीवर झाली आहे. नाताळात कुणाला असं करावं लागत नाही.

खडू_फळा | ९ ऑक्टोबर

दोघांचंही खरं आहे. माझ्याकडे वर्गात जेवणासाठी शाळेवर अवलंबून असलेली मुलं आहेत, सुट्टी म्हणजे त्यांचं एक जेवण जातं. आणि माझ्याकडे अशीही एक मुलगी होती, जी दिवाळीला शाळेत आली कारण तिला शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र हवं होतं. दिवसभर खिडकीबाहेर बघत होती. न्यूजर्सीत राज्याने मान्य केलेल्या सणाची रजा अशा प्रशस्तिपत्राच्या आड येत नाही. निदान तेवढं सगळीकडे व्हावं.

पारिजातक | २१ ऑक्टोबर

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा! फॉल फेस्टिव्हल झाला.

राजगडच केला शेवटी. मोहरी पेरली रविवारी, बुधवारपर्यंत काहीच नाही, मुलगा रडकुंडीला आला. गुरुवारी सकाळी मातीला भेगा आणि त्यातून टाचणीच्या डोक्याएवढे पिवळट ठिपके. शनिवारी अख्खी सुवेळा माची हिरवी. प्लॅस्टिकचे मावळे बहिणीने कुरिअरने पाठवले होते. तलवारींबद्दल आधी विचारून घेतलं, कारण हॅलोविनच्या नियमांत शस्त्रं चालत नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या की एवढ्याशा चालतील.

आमच्या एका बाजूला भोपळे रंगवायचं टेबल, दुसऱ्या बाजूला सायडर. मुलं भोपळा सोडून किल्ल्याकडे यायची. एका चिमुरड्याने विचारलं, ‘गवत खरं आहे?’ माझ्या लेकीने, जी वर्गात महिनाभर तोंड उघडत नव्हती, त्याचं बोट धरून मोहरीवर टेकवलं आणि इंग्रजीत सांगितलं, ‘हळू. हे माझ्या भावाने पेरलंय.’ मग अर्धा तास तीच सगळ्यांना दरवाजे दाखवत होती.

आणि विरोधी पाटीवाले आजोबाही नातीला घेऊन आले होते. निवृत्त बसचालक आहेत. बत्तीस वर्षं याच डिस्ट्रिक्टची बस चालवली. शाळेवर राग नाही त्यांचा, घरपट्टीच झेपत नाही म्हणाले. ओहायोकर, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

कोथरूडची_आजी | २१ ऑक्टोबर

माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं. मुलाला माझा आशीर्वाद सांग.

ओहायोकर | २२ ऑक्टोबर

फार छान. आता माहितीसभेला जाणार ना?

पारिजातक | ७ नोव्हेंबर

जाऊन आले, आणि बोर्डाच्या बैठकीलाही. मंगळवारी मतदान झालं. आमच्या शाळेच्या जिममध्येच केंद्र होतं म्हणून मुलांना सुट्टी होती. लेव्ही थोडक्यात पडली. आता वसंतात पुन्हा मांडणार, तोवर हायस्कूलच्या बसफेऱ्या आणि पाचवीचा बँड कमी करायचा विचार आहे. ऐकून वाईट वाटलं. दोन महिन्यांपूर्वी ही ईमेल मी न वाचता पुसली असती.

बैठकीत मी तीन मिनिटांतली दोनच वापरली. हातात कागद होता तरी आवाज कापत होता. दिवाळीच्या सुट्टीचं बोलायला गेले होते, पण बसचं ऐकून तेच बोलले. आमच्या गृहसंकुलातली बरीच मुलं बसने जातात, खूप घरांत एकच गाडी आहे. शेवटी एवढंच मागितलं की पुढच्या वर्षीपासून दिवाळीला परीक्षा आणि होमकमिंग ठेवू नका. एका सदस्याने तारीख लिहून घेतली. मी पाहिलं, खरंच लिहिली.

खडूताई, भाषेचा फॉर्म बदलून आले. मुलीची चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. विज्ञानाच्या तासाला उठवणार नाहीत हे आधीच विचारून घेतलं, त्याबद्दल दुरून_डोंगर यांचे आभार. पालक-शिक्षक भेटीत पहिला प्रश्न डब्याचा विचारला. फॉल फेस्टिव्हलच्या भोपळा-टेबलवरच्या एका मुलीशेजारी बसते म्हणे.

पुढची बैठक ८ डिसेंबरला संध्याकाळी सातला आहे, बसफेऱ्यांचा विषय त्याच दिवशी आहे. कोलंबसच्या उत्तरेकडे कुणी राहत असाल आणि यायचं असेल तर संपर्कातून कळवा. आमच्या गाडीत तीन जागा आहेत. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणते.

मिशिगनकर | ७ नोव्हेंबर

आम्ही चार तासांवर आहोत, नाहीतर आलो असतो. आमच्याकडची बैठक १७ तारखेला आहे. जातो.

ओहायोकर | ८ नोव्हेंबर

८ डिसेंबरला मी येतो. दोन तासांचा रस्ता आहे, चालेल. एक जागा माझ्यासाठी नको, माझ्या गाडीत आणखी चौघं बसतील. कुठून घ्यायचं ते सांगा.